स्टेशन डायरीत न लिहिलेली जोखीम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, पोलीस बांधवांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडेफार नीटनेटके केले आहे.)



सत्काराच्या आधी कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. विषय मीच निवडला. ड्यूटी करताना शहरातल्या पोलिसाला कोणकोणते संसर्गजन्य आजार गाठू शकतात, हा. सचिव म्हणाले, "काका, आनंदाचा प्रसंग आहे, जरा हलकंफुलकं घ्या ना." मी म्हटलं, पोलिसांच्या शौर्यावर सगळेच बोलतात. शाल आणि श्रीफळ आपण देणारच आहोत. पण ही शाल ज्यांच्या खांद्यावर पडणार, त्यांच्या छातीत काय शिरतं, हाताला काय टोचतं, याची चौकशी आपण कधी करत नाही. ती आज करू.

मी डॉक्टर नाही. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्यामुळे जे सांगतो आहे ते वाचून, विचारून आणि घरात पाहून. मात्र एक शब्द मला बँकेमुळे चांगला कळतो, तो म्हणजे एक्स्पोजर. एखाद्या पार्टीकडे आपले किती पैसे अडकू शकतात, ते आमचं एक्स्पोजर. पैसे बुडालेच असं नाही. कदाचित शेवटचा हप्तासुद्धा वेळेवर येईल. पण बुडू शकतात, म्हणून त्याची नोंद ठेवायची, मर्यादा घालायची, थोडी तरतूद बाजूला काढायची. आजारांच्या बाबतीत डॉक्टर मंडळी हाच शब्द वापरतात. खोकणाऱ्या क्षयरोग्याशेजारी तीन तास बसलात, तर एक्स्पोजर झालं. आजार होईलच असं नाही. फरक इतकाच की बँकेत आम्ही नको असलेल्या पार्टीला कर्ज नाकारू शकत होतो. पोलिसाला समोरच्या माणसाला नाकारता येत नाही. आरोपी खोकतो म्हणून अटक टळत नाही, प्रेत कुजलं म्हणून पंचनामा टळत नाही, आणि पाणी घाण आहे म्हणून चौकातला ट्रॅफिक हवालदार फूटपाथवर चढून बसत नाही.

मुंबईपुरतं बोलायचं तर ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ तुम्ही ऐकली असेल. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं तिने नेली. ती साथ मुंबईत शिरली तेव्हा कागदावर सर्वांत आधी कुणाची नोंद झाली? पोलिसांची. १० जून १९१८ या दिवशी सात पोलीस शिपाई ताप घेऊन पोलीस रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्या सातांपैकी एकजण गोदीवर नेमणुकीला होता. पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशाहून सैनिकांची जहाजं येत होती आणि गोदीवर पहारा पोलिसांचा. पुढच्या दहा-पंधरा दिवसांत गोदी, तारखातं, टांकसाळ, एक गिरणी असं करत ताप शहरभर पसरला. त्या यादीत एका बँकेचे कर्मचारीही आहेत, हे वाचून मला उगीचच आपले कुणी सहकारी भेटल्यासारखं वाटलं. पालिकेचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी ही साथ नोंदवून ठेवली, म्हणून आपल्याला हे आज ठाऊक आहे. ही नोंदीची गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता २०२०. त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! आपण सगळे गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवत होतो, आणि आपल्या गेटसमोरच्या नाक्यावर दोन शिपाई बॅरिकेडशी बारा-बारा तास उभे होते. ज्या साथरोग कायद्याखाली राज्यात निर्बंध लागले तो १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. कायदा अगदी आटोपशीर, चारच कलमांचा. हुकूम सरकारने काढायचा आणि तो पाळला जातो की नाही हे प्रत्यक्ष रस्त्यावर कुणी बघायचं? पोलिसाने. म्हणजे साथ आली की बाकीच्यांनी घरात जायचं आणि याने बाहेर पडायचं, हे ओघानेच आलं.

पहिल्या काही आठवड्यांत मास्क पुरेसे नव्हते, हातमोजे नव्हते, नेमकं काय करायचं हेही कुणाला धड ठाऊक नव्हतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तपासण्याचं तोंडात फुंकायचं यंत्र मार्चमध्येच बंद ठेवावं लागलं. एप्रिलच्या शेवटी मुंबईत लागोपाठ काही पोलिसांचे मृत्यू झाले. त्यानंतर ५५ वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांनी, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असलेल्या ५२ वर्षांवरच्यांनी घरी थांबावं असा आदेश निघाला. निर्णय योग्यच होता. पण हिशेब करा, अनुभवी हवालदार आणि सहायक फौजदार घरी, म्हणजे उरलेल्या तरुणांवर तेवढ्या जास्त पाळ्या. मे महिन्यात आर्थर रोड कारागृहात शंभरावर कैदी आणि कर्मचारी बाधित निघाले. त्या तुरुंगाची क्षमता आठशेच्या आसपास आणि आत माणसं तिप्पट-चौपट. वर्ष संपेपर्यंत राज्यात पंचवीस हजारांहून अधिक पोलिसांना कोविड होऊन गेला आणि अडीचशेहून अधिक जण गेले.

यातली एक बाब फारशी कुणी बोलत नाही. आपल्यापैकी कुणाला कोविड झाला तर आतली बेडरूम त्याला दिली, ताट दाराशी ठेवलं, झालं विलगीकरण. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत पोलिसांची कुटुंबं वर्षानुवर्षं १६० चौरस फुटांच्या खोलीत राहत आली. तिथे विलगीकरण कुठे करायचं? माळ्यावर? बऱ्याच शिपायांनी त्या काळात पोलीस ठाण्यातच झोपणं पसंत केलं, घरी जाऊन म्हाताऱ्या आईला आजार द्यायला नको म्हणून. आपल्या सी विंगमधले एक जण तर महिनाभर इमारतीखाली येऊन मुलीला हात दाखवून जायचे. ती मुलगी आज इथे बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल.

कोविड गेला, म्हणजे निदान बातम्यांतून गेला. पण माझ्या मते पोलिसाच्या जीवाला खरी कायमची गाठ आहे ती क्षयाची, टीबीची. जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे एक भारतात आहे आणि मुंबईत तर औषधांना दाद न देणारा टीबी मोठ्या प्रमाणात सापडतो. टीबी हवेतून पसरतो. रोगी खोकला, बोलला, शिंकला की जंतू बारीक थेंबांतून बाहेर पडतात आणि बंद जागेत तासन् तास तरंगत राहतात. उघड्या मैदानात ते लगेच विरून जातात, उन्हाने मरतात. म्हणजे प्रश्न येतो बंद जागांचा. आता पोलिसांच्या कामातल्या बंद जागा मोजा. कोठडी. ठाणे अंमलदाराची खोली, जिथे दिवसभर तक्रारदारांची रीघ. कोर्टाच्या आवारातली आरोपी ठेवण्याची खोली. सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात जखमी आरोपीच्या खाटेशेजारी रात्रभरचा पहारा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कैद्यांची गाडी. जाळीच्या, बारीक खिडक्यांच्या त्या गाडीत तुरुंगातून कोर्टात आणि कोर्टातून तुरुंगात, ट्रॅफिकमध्ये अडकून दोन-दोन तास. तुरुंगात टीबीचं प्रमाण बाहेरच्या समाजाहून कितीतरी जास्त असतं, हे जगभर दिसून आलेलं आहे. त्या गाडीत कैदी बदलतात, बंदोबस्ताची माणसं मात्र बहुधा तीच.

आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ पोलिसात होता. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाला, आता गावी शेती बघतो, तब्येत ठणठणीत आहे. १९९३ साली तो कैद्यांना ने-आण करणाऱ्या पार्टीवर होता. पावसाळ्यानंतर खोकला लागला. आधी वाटलं धूळ, मग वाटलं विडी. दोन महिने त्याने आले-मध आणि खोकल्याच्या बाटलीवर काढले. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरलं, वर्दीचा पट्टा दोन भोकं आत गेला. सौ. भाऊबीजेला गेली तेव्हा तिने पट्टा पाहिला आणि तिथूनच त्याला दवाखान्यात नेलं. थुंकीत जंतू सापडले. सहा-आठ महिने औषधं चालली, आणि त्याने ती न चुकता घेतली म्हणून आज तो शेती करतो आहे.

पण आजारापेक्षा आजाराभोवतीचं जास्त लक्षात राहिलं. वस्तीत कळू नये म्हणून तो औषधं माझ्या घरी ठेवायचा. शेजारणीने त्याच्या मुलांना खेळायला बोलावणं बंद केलं. आणि कार्यालयात त्याने विचारलं की हा आजार मला ड्यूटीवर लागला असं कुठे लिहून घेता येईल का, तर समोरून उत्तर आलं, "पुरावा काय?" उत्तर देणाऱ्यालाही मी दोष देत नाही. खरंच, पुरावा काय? जंतूवर कैदी क्रमांक लिहिलेला नसतो. कुठल्या फेरीत, कुणाच्या खोकल्यातून आला, हे तो कसं सांगणार? त्यातून टीबीचा जंतू शरीरात शिरल्यावर महिने, कधी वर्षं गप्प पडून राहतो. ज्यांच्या शरीरात तो शिरतो त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, शंभरांतल्या पाच-दहा जणांना आयुष्यात केव्हातरी होतो. आणि तो कुणाला? जो थकलेला आहे, ज्याला साखर आहे, ज्याची झोप आणि जेवण वेळेवर नाही त्याला जास्त करून. आता हे वर्णन कुणाचं झालं, तुम्हीच पाहा. २०१६ साली तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा लोकांना ती फक्त सोयीची बाब वाटली. मला ती आरोग्याची बाब वाटते. आठ तास झोपलेला शिपाई जंतूशी बरा लढतो.

आता हाताला टोचणाऱ्या गोष्टींकडे येऊ. झडती घेणं हे पोलिसाचं रोजचं काम. गर्दुल्ल्याच्या खिशात सुई असते, पाकीटमाराच्या तोंडात नाहीतर बोटांत अर्धं ब्लेड असतं. रात्रीच्या अंधारात घाईने खिशात हात घातला की टोचतं. त्या सुईवर दुसऱ्याचं रक्त असेल तर तीन आजारांची भीती: ब प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, तशीच सी, आणि एचआयव्ही. लोक घाबरतात एचआयव्हीला. आकडे मात्र वेगळं सांगतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सीची शंभरात दोन-तीन. आणि बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते! वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर तग धरतो. म्हणजे सगळ्यांत मोठ्या जोखमीवरच लस हाताशी आहे. तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या हवालदाराला ती लहानपणी मिळालेली असण्याची शक्यता जवळपास नाही. बँकेच्या भाषेत सांगतो, ज्या खात्यावर सगळ्यांत जास्त एक्स्पोजर, त्याचाच विमा स्वस्त, आणि तोच उतरवलेला नाही.

टोचलंच तर काय करायचं हेही सांगून ठेवतो, कारण ते आपल्या सफाई कामगारांनाही लागू आहे. जखम दाबून-पिळून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि उशिरात उशीर बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. उद्या ड्यूटी संपल्यावर बघू, असं म्हणणारा माणूस हे तास ड्यूटीवरच घालवून बसतो. सुईपुढे रबरी हातमोजे कामाचे नाहीत, ते रक्तापासून वाचवतात. म्हणून झडतीची शहाणी पद्धत अशी की आधी विचारायचं, खिशात सुई, ब्लेड, काही टोकदार आहे का? मग त्यालाच खिसे उलटे करायला लावायचे. आत हात न घालता बाहेरून, टॉर्चच्या उजेडात चाचपायचं.

प्रेतांबद्दल थोडं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात. लोहमार्ग पोलिसांना ती रुळांवरून उचलावी लागतात, बेवारस असतील तर आठवडे सांभाळावी लागतात. शहर पोलिसांकडे बंद घरातले मृत्यू, गळफास, खाडीत सापडलेले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पोलिसाला प्रेताजवळ जाऊन, अंगावरच्या खुणा बघून पंचनामा करावाच लागतो. इथे लोकांची समजूत उलटी आहे. दुर्गंधीने आजार होत नाही. वासाने मळमळतं, झोप उडते, पण जंतू वासातून येत नाहीत. धोका असतो रक्ताचा आणि अंगातून झिरपणाऱ्या पाण्याचा. आणि टीबी असलेलं प्रेत उचलताना-वळवताना छातीतली हवा बाहेर येते, त्याचाही. म्हणजे जाड हातमोजे, मास्क आणि नंतर साबण. नाकाला अत्तराचा बोळा लावून हे भागत नाही.

पावसाळ्यातले आजार तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहेत, भरभर सांगतो. पोलीस ठाण्याच्या मागे जप्त केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांच्या टायरात, टपावर पाणी साचतं आणि तिथे डेंग्यूचा डास वाढतो. मुद्देमाल म्हणून जपलेली गाडी शेवटी डास जपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टो आला. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून तो पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. ट्रॅफिकवाल्याच्या पायाला भेग नसेल असं होत नाही. अशा पाण्यात उभं राहावं लागलं तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिनची मात्रा घ्यावी, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. रात्रीच्या गस्तीला भटकी कुत्री असतातच. चावलं, नुसतं ओरखडलं तरी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना लावून काही होत नाही.

आता मघाशी म्हटलेल्या नोंदीकडे येतो. आमच्याकडे बँकेत पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं की जे खात्यात लिहिलं नाही ते घडलंच नाही. पोलिसाला दंगलीत दगड लागला तर त्याची स्टेशन डायरीत नोंद होते, वैद्यकीय तपासणी होते, पुढे रजा, उपचार, भरपाई सगळ्याला तो कागद आधार देतो. तोच पोलीस कैद्याच्या खोकल्यात तीन तास बसला, त्याची नोंद कुठेच नाही. सहा महिन्यांनी आजार उघडा पडतो तेव्हा मागे बोट दाखवायला काही नसतं. कोविडच्या वेळी राज्य सरकारने कर्तव्यावर कोविड होऊन गेलेल्या पोलिसाच्या कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचं ठरवलं, ते चांगलंच झालं. त्यातून एक गोष्ट पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मान्य झाली की जंतूने झालेला मृत्यूही कर्तव्यावरचा मृत्यू असू शकतो. माझं म्हणणं इतकंच, की मग टीबीने काय पाप केलं आहे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कामगार कायद्यात एक तरतूद आहे. पोलिसाला नोकरीत असताना टीबी झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नाही, हे ज्याला म्हणायचं असेल त्याने सिद्ध करायचं. रक्तातून पसरणाऱ्या आजारांनाही तसंच. म्हणजे पुराव्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावरून उतरवून समोरच्याच्या डोक्यावर दिलं. आपल्याकडे असा कायदा यायचा तेव्हा येईल. त्याची वाट न पाहता आज इथे बसलेल्या सर्व साहेबांना आणि मॅडमना मी विनंती करतो की त्या दिवशीच, चार ओळींत लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, कुणासोबत होतात, सुई कुठे टोचली. स्टेशन डायरीत लिहिता आलं तर उत्तम, नाहीतर वरिष्ठांना अर्ज देऊन पोच घ्या, आणि रुग्णालयाचा कागद जपून ठेवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, आणि नव्या यंत्रावर काही तासांत कळतं.

आपल्या बाजूनेही थोडं करण्यासारखं आहे, खर्चिक काही नाही. पासपोर्टच्या चौकशीला शिपाई घरी येतो तेव्हा घरात कुणाला ताप-खोकला असेल तर दारातच सांगा, कागद गॅलरीत बसून भरता येतात. खोकला घेऊन तक्रार द्यायला गेलात तर तोंडावर मास्क तुम्ही लावा. आजारी माणसाने लावलेला साधा मास्कही समोरच्याला बराच वाचवतो. घरात कुणी वारलं आणि पोलीस आले, तर त्या व्यक्तीला टीबी, कावीळ असं काही होतं का हे लपवू नका. गेलेल्या माणसाची त्यात बदनामी होत नाही. आणि आपल्यातले जे इन्सुलिन घेतात, मीही घेतो, त्यांनी सुया ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि बरणी भरली की पालिकेच्या दवाखान्यात नेऊन द्या. विसर्जनाच्या दिवशी बंदोबस्ताची मंडळी आपल्या गेटसमोर अठरा-अठरा तास उभी असतात, विशेषतः महिला शिपाई. त्यांना तळमजल्यावरचं प्रसाधनगृह आणि पंपाच्या खोलीजवळचा नळ खुला ठेवावा, साबण ठेवावा, असा ठराव समितीने या वर्षी केला आहे. किल्ली वॉचमनकडे आहे.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, ते इथे लिहून ठेवतो, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या वहिनींनी पहिला विचारला त्यांनी तसं सांगितलं आहे. त्यांचे यजमान पोलिसात आहेत. त्यांनी विचारलं, "वर्दी घरातल्या कपड्यांत धुतली तर मुलांना काही होईल का?" टीबी कपड्यांतून, ताटवाट्यांतून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. त्यामुळे वर्दी बाहेर टांगायची गरज नाही, खिडकी उघडी ठेवायची गरज आहे. वर्दीला रक्त लागलं असेल तर मात्र हातमोजे घालून ती वेगळी भिजवावी. डागासाठी पाण्यात ब्लीचिंगचं द्रावण घालायचं, रंग थोडा उतरला तरी चालेल. पुराच्या पाण्यातून आलेले बूट घराबाहेर काढायचे, पाय साबणाने धुऊन कोरडे करायचे, आणि भेगांना नुसतं खोबरेल न लावता आधी नीट बघायचं.

दुसरा प्रश्न एका तरुण शिपायाने विचारला. तो सत्कारासाठी आलेला होता, तेवीस-चोवीस वर्षांचा. म्हणाला, "काका, ती लस तीनदा घ्यायला जायचं तर तीनदा सुट्टी कोण देणार?" त्यावर त्याचे साहेबच उठले आणि म्हणाले, पहिल्या डोसची तारीख तू सांग, हजेरीत मी लिहितो.